दारूबंदीच्या जिल्ह्यात दारू सोडवणारं औषधही हवं

माझे यजमान दारूतून बाहेर आले, त्यात मोठा वाटा औषधाचा आहे. शपथा, नवस, माळ घालणं, नातेवाइकांच्या बैठका हे सगळं आमच्या घरात होऊन गेलं होतं. प्रत्येक वेळी काही दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच सुरू व्हायचं. शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि गाडी रुळावर यायला लागली. ही गोळी नवी नाही. अमेरिकेत ती दारूच्या व्यसनावर १९९४ सालीच मंजूर झाली. आमच्या घरात दारूनं थैमान घातलं, ती सगळी वर्षं हे औषध जगात होतं. आम्हाला मात्र त्याचं नावही कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी असं होऊ नये, म्हणून हे लिहिते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. सासर वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातलं, घरची शेती कपाशी-तुरीची. शाळा सुटल्यावर बचतगटाच्या बायकांसोबत मी कित्येकदा हातभट्ट्या बंद करायला गेले आहे. नाल्याच्या काठी पुरलेले ड्रम उकरून मोहाचा सडवा आम्ही मातीत ओतला आहे. दारूबंदीवर माझा तेव्हाही विश्वास होता, आजही आहे. पण बंदीच्या जोडीला उपचार नसतील तर काय होतं, ते मी माझ्याच घरात पाहिलं.

बंदी दुकानावर लागते

गांधीजी १९३६ साली सेगावात राहायला आले. त्या गावाचंच पुढे सेवाग्राम झालं. त्यांच्या आणि विनोबांच्या वास्तव्यामुळे सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. नंतर १९९३ साली गडचिरोलीत बंदी झाली. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला लागली आणि २०२१ साली उठवली गेली. वर्ध्याची बंदी इतकी वर्षं टिकून आहे, याचा मला अभिमान वाटतो. बाजाराच्या दिवशी चौकात दारूचं दुकान नसणं ही बाईमाणसासाठी केवढी मोठी गोष्ट आहे, ते ज्या गावात दुकान आहे तिथल्या बायकांना विचारा.

तरीही वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ आणि अमरावती जिल्हे लागतात. तिथे बंदी नाही. पव्वे खिशातून, डिक्कीतून, दुधाच्या कॅनमधून येतात. गावठी तर गावातच गाळली जाते आणि तिच्यात काय मिसळलं आहे, ते गाळणाऱ्यालाच ठाऊक. बंदीमुळे नवी पोरं दारूपासून लांब राहतात, बायकांना बळ मिळतं, पिणाऱ्याला थोडी लाज राहते. पण ज्याचं शरीर आधीच दारूवर चालायला लागलं आहे, त्याचं काय करायचं, याचं उत्तर कायद्यात नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा त्याला आरोपी म्हणून ओळखतो. त्याला रुग्ण म्हणून ओळखण्याचं काम दवाखान्याचं आहे आणि आपल्याकडे तेच राहून गेलं आहे.

आमचे हे आधी संध्याकाळी घेत, मग दुपारी घेऊ लागले. पुढे पुढे सकाळी उठल्या उठल्या हात थरथरायचे. दोन घोट पोटात गेले की मग चहाचा कप धरता यायचा. मी त्याला निर्लज्जपणा समजत होते. सकाळची ती थरथर हे आजाराचं लक्षण आहे आणि घरच्यांनी त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

तिसरी रात्र

एका वर्षी पोळा झाल्यावर पोलिसांची वॉश आऊट मोहीम जोरात निघाली. गावातल्या भट्ट्या उद्ध्वस्त झाल्या, नदीपलीकडून येणारा मालही थांबला. आम्हा बायकांना आनंद झाला. हे घरीच होते. पहिल्या दिवशी घाम आणि मळमळ, दुसऱ्या दिवशी अंगाला कंप, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सासूबाई म्हणाल्या, "सुटून राह्यली बाई, सोस थोडं."

तिसऱ्या रात्री मला जाग आली तेव्हा हे गोधडीवर बसून कापूस वेचत होते. दोन्ही हातांनी, सराईतपणे, बोंडातून बोटांनी कापूस ओढावा तसं काही तरी ओढायचे आणि कमरेच्या नसलेल्या ओटीत टाकायचे. शेतात तेव्हा कपाशीला बोंडही धरलं नव्हतं. मी हात धरला तर म्हणाले, "अवं, लवकर कर, पानी येऊन राह्यलं. सारा कापूस भिजते." त्यांचं अंग तापलं होतं, छाती धडधडत होती. मी कोण हे ते ओळखत नव्हते. सासूबाईंनी मीठ-मिरची ओवाळली. शेजारच्या भाऊंनी बाहेरचं लागलं म्हणून एका बाबाचं नाव सांगितलं. तेवढ्यात त्यांना झटका आला, दातखिळी बसली, तोंडाला फेस आला. मग मात्र कुणाचं न ऐकता मी गाडी मागवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं ते मी दारूबंदीच्या इतक्या सभांमध्ये कधी ऐकलं नव्हतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. दारू मेंदूला संथ करते. वर्षानुवर्षं पिताना मेंदू त्याविरुद्ध जोर लावायला शिकतो. दारू अचानक थांबली की तो जोर मोकळा सुटतो. साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भास, भ्रम, ताप आणि छातीची धडधड असा प्रकार होतो. त्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. त्यावर उपचार आहे. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधं देऊन ती काही दिवसांत हळूहळू कमी करत बंद करतात. जोडीला थायमिन, म्हणजे ब १ जीवनसत्त्व, आधी देतात. थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

हे वाचले. पण तिथून घरी सोडताना हातात आली ती ताकदीच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि "आता पिऊ नका" एवढा सल्ला. दारूची ओढ कमी करणारं औषध असतं, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शरीरातून दारू काढून टाकणं ही उपचाराची पहिली पायरी आहे. ओढ त्यानंतरही राहते. ती यांच्यातही राहिली आणि तूर सोंगण्याच्या आधीच यांची दारू पुन्हा सुरू झाली. दोष यांना मिळाला, घरच्यांनाही मिळाला. अर्ध्यावर सुटलेल्या उपचाराला कुणी दोष दिला नाही.

गोळी सुरू झाली

आमची मुलगी नर्स आहे. एका मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात तिची ड्यूटी लागली. तिथे तिनं दारू सोडणाऱ्या रुग्णांना नॅल्ट्रेक्सोन नावाची गोळी लिहून देताना पाहिलं. तिनं फोन केला, "आई, बाबांना घेऊन ये. मी काही तरी पाहिलं आहे."

तिथले डॉक्टर यांच्याशी आदरानं बोलले. किती पिता, कधीपासून, सकाळी लागते का, आधी झटका आला होता का, हे सगळं शांतपणे विचारलं. रक्त तपासून यकृताची स्थिती पाहिली. मग दुखण्याच्या गोळ्यांची चौकशी केली. हे कंबरदुखीसाठी अधूनमधून ट्रामाडॉल घ्यायचे. डॉक्टरांनी आधी ती गोळी बंद करायला लावली आणि मध्ये पुरेसे दिवस जाऊ दिले. नॅल्ट्रेक्सोन आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं एकत्र चालत नाहीत. तसं केलं तर माणूस एकदम आजारी पडतो. या भेटीत दारू टप्प्याटप्प्यानं थांबवण्याची औषधंही त्यांनी नीट आखून दिली, त्यामुळे या वेळी तसली रात्र आली नाही.

नंतर रोज सकाळी नाश्त्यावर एक गोळी, ५० मिलिग्रॅमची. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि डोकेदुखी झाली, मग ती गेली. चमत्कार काही झाला नाही. दारूचा विषय यांच्या डोक्यातून निघून गेला, असंही नाही. तो मागे पडला. आधी संध्याकाळ झाली की यांची चलबिचल सुरू व्हायची, पाय आपोआप चपलेकडे वळायचे. आता संध्याकाळी हे अंगणात बसून नातवाला गणितं घालायला लागले.

पुढच्या पोळ्याला, करीच्या दिवशी, जुन्या मित्रांनी गाठलंच. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मटण आणि बाटली हे ठरलेलं असतं. माझा जीव टांगणीला लागला होता. हे लवकरच परत आले. थोडी घेतली होती, पण उरलेली तशीच ठेवून उठले होते. मला म्हणाले, "त्याच्यात आता काई राह्यलं नाई. पोटात गेली, पन मनाले काई वाटलं नाई." आधीच्या कोणत्याही करीला पहिला घोट हा शेवटचा ठरला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी यांना रागावले नाही. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गोळी चालू ठेवा, पुढच्या भेटीला या.

औषधं कोणती आणि ती काय करतात

दारू प्यायल्यावर मेंदूत अफूसारखी काम करणारी शरीराची स्वतःची रसायनं सुटतात. पिण्यातला आनंद पुष्कळसा त्यांच्यामुळे असतो. नॅल्ट्रेक्सोन त्यांचा मार्ग अडवते. दारू चढते, पण तिची गोडी लागत नाही, आणि हळूहळू मेंदू तिच्यामागे धावणं सोडतो. गोडी गेली तरी नशा होतेच, त्यामुळे पिऊन गाडी चालवणं तेवढंच धोक्याचं. तीव्र कावीळ असेल किंवा यकृत निकामी होत असेल तर ही गोळी देत नाहीत.

दुसरं औषध अ‍ॅकॅम्प्रोसेट. दारू थांबल्यानंतर आठवडे-महिने टिकणारी अस्वस्थता, झोपेची तक्रार आणि तगमग ते कमी करतं. गोळ्या दिवसातून तीनदा घ्याव्या लागतात, हा त्याचा त्रास. पण त्याचा भार यकृतावर पडत नाही, ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं. म्हणून यकृत बिघडलेल्यांना ते उपयोगी पडतं आणि मूत्रपिंड फार बिघडलेल्यांना देत नाहीत.

तिसरं डायसल्फिराम, सगळ्यात जुनं. डेन्मार्कच्या याकोबसेन आणि हाल्ड या दोन संशोधकांनी जंतांवरचं औषध म्हणून त्याच्या गोळ्या स्वतः घेऊन पाहिल्या. मद्य घेताच त्यांना विलक्षण त्रास झाला आणि त्यातून १९४८ साली दारूवरचा हा उपाय पुढे आला. ही गोळी ओढ कमी करत नाही. प्यायलं तर चेहरा लाल होणं, उलट्या, धाप लागणं, रक्तदाब कोसळणं असा त्रास होतो, त्या धाकानं माणूस थांबतो. ज्याला स्वतःला सोडायची आहे आणि जो घरच्या माणसासमोर रोज गोळी घेतो, त्याला तिचा फायदा होतो.

बॅक्लोफेन हे चौथं नाव. ते मुळात स्नायू सैल करणारं औषध. ओलिव्हिए अमेसाँ या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञांनी स्वतःचं दारूचं व्यसन या औषधानं सुटल्याचं सांगणारं पुस्तक २००८ साली लिहिलं. त्यावर फ्रान्सभर चर्चा झाली आणि २०१८ साली तिथल्या सरकारी यंत्रणेनं मर्यादित मात्रेत त्याला दारूच्या व्यसनासाठी मान्यता दिली. यकृताचा सिरॉसिस झालेल्या रुग्णांवरही त्याची चाचणी झाली आहे. पण मात्रा चुकली तर गुंगी येते, मूत्रपिंड बिघडलेल्यांना ते घातक ठरू शकतं आणि ते एकदम बंद करता येत नाही. त्यामुळे ते तज्ज्ञांच्या हातीच राहू द्यावं.

यांचा फायदा किती? अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २०२३ साली ११८ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. अ‍ॅकॅम्प्रोसेट घेणाऱ्या साधारण अकरा जणांमागे एक जास्तीचा माणूस दारूकडे परत जाण्यापासून वाचतो. नॅल्ट्रेक्सोनच्या बाबतीत हा आकडा अठरा आहे, पण बेसुमार पिण्याकडे परत जाणं रोखण्यात तोही अकराच आहे. गोळी सगळ्यांना लागू पडत नाही, हे यातून स्पष्ट होतं. तरी वाचलेल्या त्या एकाच्या घरात बायको असते, म्हातारी माय असते, शाळेत जाणारी पोरं असतात. रक्तदाबाच्या गोळीनंही सगळे बरे होत नाहीत, म्हणून ती कुणी लिहून द्यायची थांबत नाही.

मग मिळत का नाहीत

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सच्या व्यसनोपचार केंद्रानं केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. देशात दारूवर अवलंबून असलेले सुमारे २ कोटी ९० लाख लोक त्यात निघाले. त्यांच्यापैकी अडतिसांतल्या एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळाला होता. उरलेले सदतीस कुठे आहेत, हे आम्हा गावातल्या बायकांना पक्कं ठाऊक आहे. ते पारावर आहेत, पोलिस ठाण्यात आहेत, बाबाच्या दारात आहेत.

कारणं मला दिसतात ती अशी. दारू पिणं हा आजार आहे, यावर अजून आपलाच विश्वास नाही. गावच्या डॉक्टरला वाटतं, हे काम मानसोपचारतज्ज्ञांचं. मानसोपचारतज्ज्ञ बसतात वर्ध्यात. आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या मजुरानं रोजी बुडवून, तिकीट काढून दर पंधरा दिवसांनी तिथे जायचं म्हणजे कठीणच. आणि गावाजवळच्या औषधाच्या दुकानात ही गोळी मागितली तर बहुतेक वेळा ती नसते, कारण कुणी लिहूनच देत नाही.

ही गोळी देण्यासाठी फार मोठं तंत्र लागत नाही. अमेरिकेत १३८३ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली आले. नॅल्ट्रेक्सोनच्या जोडीला डॉक्टर किंवा नर्सच्या ठरावीक, थोडक्या वेळाच्या भेटी दिल्या, तेव्हा रुग्णांना फायदा झाला. त्यात अ‍ॅकॅम्प्रोसेटचा गुण दिसला नाही, हेही सांगायला हवं. म्हणून सगळ्यांना एकच औषध देऊन चालत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात संगत या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून दारू पिणाऱ्यांशी मोजक्या भेटींत बोलणं करून घेतलं. २०१७ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या ३६ टक्क्यांचं पिणं आटोक्यात होतं. नेहमीचे उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होतं. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियान गावातली दारू कमी करणं आणि व्यसनी माणसावर उपचार करणं ही दोन्ही कामं एकत्र करत आहे. तिथेही बंदीच आहे. मग वर्ध्यात का नको?

२०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं अ‍ॅकॅम्प्रोसेट आणि नॅल्ट्रेक्सोन ही दोन्ही औषधं दारूच्या व्यसनासाठी अत्यावश्यक औषधांच्या आपल्या यादीत घेतली. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी निगडित स्थिती मानसिक आजारात मोडते आणि उपचार मिळणं हा रुग्णाचा हक्क ठरतो. सरकारच्या अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांवरची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळावीत, असंही तो कायदा सांगतो. तेव्हा आपण भीक मागत नाही, हक्काचं मागतो.

घरच्यांनी काय करावं

आमच्या अनुभवातून आणि डॉक्टरांनी समजावलेल्या गोष्टींमधून जे हाती आलं, ते सांगते.

पहिली गोष्ट, रोज पिणाऱ्याला कोंडून, बांधून एकाएकी दारू तोडू नका. सकाळी हात कापत असतील, आधी कधी झटका आला असेल, तर दारू सोडण्याआधीच डॉक्टरांकडे जा. धाड पडून किंवा पैसे संपून दारू तुटलीच, तर पहिले चार-पाच दिवस जवळ राहा. भास, झटका, ताप, बरळणं यातलं काहीही दिसलं की रात्र असली तरी १०८ ला फोन करा. दवाखान्यात पोचल्यावर हे रोज पीत होते आणि शेवटचं कधी प्यायले, हे आधी सांगा. बंदीच्या जिल्ह्यात आहोत म्हणून लाजेनं किंवा भीतीनं लपवू नका. सलाईन लावताना थायमिन दिलं का, एवढं विचारा.

दुसरी, न कळता काहीही खाऊ घालू नका. आमच्याच गावात एका मावशींनी कुणीतरी आणून दिलेली पुडी मुलाच्या वरणात मिसळली. पुडीत काय होतं, ते त्यांना माहीत नव्हतं. मुलगा संध्याकाळी पिऊन आला आणि काही मिनिटांत चेहरा लालबुंद, उलट्या, छातीत कळ, हातपाय गार. दवाखान्यात पोचला म्हणून वाचला. पुडीत डायसल्फिराम असावं, असं तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं. ते शरीरात दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतं. ज्याला आपण हे औषध घेतलं आहे हेच माहीत नाही, तो स्वतःला सांभाळणार कसा? "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिरातींपासून लांबच राहा. जो स्वतःहून डायसल्फिराम घेतो, त्यानंही मद्यार्क असलेलं खोकल्याचं औषध टाळावं.

तिसरी, दुकानातून मनानं गुंगीच्या गोळ्या आणून देऊ नका. दारूवर गुंगीच्या गोळ्या पडल्या तर श्वास बंद पडू शकतो, आणि दारू सुटली तरी त्या गोळ्यांचं व्यसन मागे लागतं.

चौथी, गोळी किती दिवस घ्यायची, ते डॉक्टरांना ठरवू द्या. बरं वाटायला लागलं की पहिला विचार गोळी बंद करण्याचा येतो. आमच्या डॉक्टरांनी महिन्यांच्या हिशेबात बोलायला शिकवलं आणि मध्ये घसरण झाली तरी गोळी सोडायची नाही, हे बजावलं. शस्त्रक्रिया ठरली किंवा कुठे दुखापत झाली, तर नॅल्ट्रेक्सोन चालू आहे हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे वेदनाशामक त्याप्रमाणे देता येतं.

पाचवी, गोळीला माणसांची जोड हवी. पुण्याच्या मुक्तांगणनं १९८६ पासून माणुसकीनं व्यसनमुक्ती कशी करता येते, ते महाराष्ट्राला दाखवलं आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांतूनही पुष्कळांना आधार मिळतो. औषध आणि या वाटा एकमेकांच्या आड येत नाहीत. पण ज्या केंद्रात मारतात, साखळी घालतात, डॉक्टर येतच नाहीत, तिथे आपला माणूस ठेवू नका. केंद्राची मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी पाहायला मागा.

कुठे जायचं? सेवाग्रामला आणि सावंगीला वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग आहेत. वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयातून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो. घरबसल्या बोलायचं असेल तर टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे. दोन्ही मोफत.

आता मागायचं काय

बचतगटाच्या बायांनो, भट्टी फोडायला आपण गेलो, तशाच आता आरोग्य केंद्रात जाऊ. मागणी साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एका तरी डॉक्टरला दारूच्या व्यसनावरच्या औषधांचं प्रशिक्षण द्या. नॅल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट राज्याच्या अत्यावश्यक यादीत आणून निदान ग्रामीण रुग्णालयापर्यंत मोफत पोचवा. दारू तुटून दाखल झालेल्या कुठल्याही रुग्णाला पुढच्या औषधाची चिठ्ठी आणि पुढच्या भेटीची तारीख दिल्याशिवाय घरी सोडू नका. वॉश आऊट मोहीम निघेल तेव्हा आशाताईंना आधी कळवा, म्हणजे गावातल्या रोज पिणाऱ्यांवर लक्ष ठेवता येईल. हे ठराव ग्रामसभेत मांडता येतात, रुग्ण कल्याण समितीपुढे नेता येतात.

गावच्या डॉक्टरांनाही माझं सांगणं आहे. तुमच्याकडे पोटदुखी, अपघात, रक्तदाब घेऊन येणाऱ्यांमध्ये कितीतरी जण रोज पिणारे असतात. एकदा न रागावता विचारा, "किती घेता? सोडायला मदत हवी का?" आमच्या यांना तो प्रश्न वेळेवर कुणी विचारला असता, तर कितीतरी वर्षं वाचली असती.

आणि ज्यांच्या घरात आज दारू आहे, त्यांनी ठराव मंजूर व्हायची वाट पाहू नये. आपल्या माणसाला विश्वासात घ्या, सोबत चला, आणि डॉक्टरांना औषधाचं नाव घेऊन विचारा, "नॅल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट यांना चालेल का? चालत नसेल तर का नाही, आणि मग दुसरं काय देता येईल?" या प्रश्नाचं नीट उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.